बायकांच्या बाजूचा तिसरा गोंधळ

तंबू उठला की माळावर खुंट्यांची भोकं तेवढी राहतात. माझ्या डोक्यात तसे किस्से राहिलेत. पन्नास सालानंतरचे दिवस. चाकणच्या माळावर नानाशेटचा तंबू टॉकीज, आणि बायकांच्या दाराशी तिकिटं फाडायला मी! पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, मधे कनात. ती वेगळी बाजू नसती तर एकाही बाईला कुणी सिनेमाला सोडलं नसतं.

*

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं पोस्टरवर शिकले. नानाशेट हसला, "भागे, वाचून काय दिवे लावणार?"

म्हटलं, "शेट, खेळाची पाटी उलटी टांगलीय, एवढं तरी सांगीन!"

*

आमच्या लाडक्या नटीच्या चित्रपटाला दिल्लीत पदक मिळालं. नानाशेटनं हौसेनं दारातल्या तिच्या फोटोला झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली. शेजारच्या कुरुळी गावच्या बैलगाड्या आल्या. बायकांनी हार पाहिला आणि तिथंच गळे काढले! "बया, गेली गं माझी!"

खेळ अर्धा तास लांबला. मी ओरडले, "अगं, जिवंत आहे ती! बक्षीस मिळालंय!"

एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "मंग जित्या बाईला हार कुणी घातला, मुडद्यानं?"

*

एकदा पडद्यावर त्याच नटीला नवरा मारत होता, आणि कनातीपलीकडून कुणीतरी फिदीफिदी हसलं. बायकांत बसलेल्या यमुनेनं हसणं ओळखलं. तिचाच नवरा! कनातीखालून गेली आणि त्याला सदऱ्याला धरून बायकांत आणून बसवलं. "आता हास की! हितं बसून हास!"

नानाशेट माझ्यावर उखडला. "दोनदा झालं. तिसऱ्यांदा गोंधळ झाला, तर बायकांची बाजू बंद. कायमची!"

बोलला की करायचाच तो.

*

पुढच्याच आठवड्यात संध्याकाळच्या एसटीनं पुण्याचं वर्तमानपत्र आलं. पहिल्या पानावर आमच्या नटीचा फोटो. या वेळी ती खरंच गेली होती. आत तिचाच चित्रपट चालू! सांगावं तर बायका तंबू डोक्यावर घेणार, आणि त्यांची बाजू जाणार. लपवावं तर कुठल्या तोंडानं?

सिनेमा दाखवायच्या मशीनवर उस्मानभाई होता. त्याला बातमी वाचून दाखवली. शेवटच्या रिळात ती मरते, हे अख्ख्या चाकणला पाठ. रीळ त्याच्या हातातच होतं.

"भागाबाई, एका दिवसात दोनदा नाही," म्हणाला, आणि रीळ डब्यात ठेवून झाकण लावलं.

पडद्यावर ती झोक्यावर हसत होती. तिथंच दिवे लागले. शिट्ट्या सुरू झाल्या. नानाशेट धावत आला, "खेळ कुणी थांबवला?"

मी मधोमध उभी राहिले आणि बातमी मोठ्यानं वाचली. अडखळत, पण सगळी.

शिट्ट्या बंद. नानाशेट बायकांच्या बाजूला डोळे लावून उभा. तिकडं सगळ्या उठून उभ्या होत्या. तोंडात पदर. आवाज नाही.

आणि हंबरडा फुटला. पुरुषांकडून! यमुनेचा नवरा!

कुरुळीची ती म्हातारी नानाशेटसमोर आली. "शेट," म्हणाली, "आता घाला हार."