एडक्याने फोडलेली काच आणि मी लिहिलेली हकीकत

माणसाने नेहमी सत्य लिहावं, हे तुम्हाला मान्य आहे ना? मग मला सांगा, एका एडक्याने डोक्याने मोटारीची काच फोडली, तर त्याला बंडखोर म्हणणं हे खोटं कसं?

हाच प्रश्न मी राहुरीच्या फौजदारांना विचारला होता. त्यांनी नुसता कमरेच्या बेड्यांवर हात ठेवला. (मी लेखक आहे, मला सूचक अर्थ लगेच कळतो.)

आमच्यासारख्यांकडे मोटार कुठून आली, ते आधी सांगायला हवं. लढाई संपली आणि नगरच्या लष्करी छावणीतलं जुनं सामान लिलावात निघालं. त्यात माझ्या बाबांनी चार दारांची एक मोटार घेतली. बाबा वीस वर्षं मिशनच्या शाळेत गणित शिकवत होते. अत्यंत अबोल माणूस. फळ्यावर आकडे लिहायचे आणि मुलांकडे बघायचे. मुलं उत्तर आपोआप द्यायची. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि राहुरी ते पुणतांबा भाड्याने उतारू न्यायचं ठरवलं. शाळेत नवा मास्तर येऊन बाबांच्या खुर्चीत बसलासुद्धा!

राहिला होता फक्त परवाना. मोटारी तपासणारे साहेब शनिवारी नगरला आमची मोटार पाहणार होते. ती पास झाली तर परवाना आमचा. नाही झाली तर तो रस्ता दुसऱ्या अर्जदाराला, आणि आम्ही चौघं जण (बाबा, आई, मी आणि मोटार) दारात बसून!

मी त्या वेळी वीस वर्षांचा होतो. बाराखडी शाळेत शिकलो असलो तरी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. लाल शाईतली, भिंतीवर चिकटवलेली, शेवटी तीन उद्गारचिन्हं असलेली पत्रकं! पुढे मी स्वतःच पत्रकं लिहून छापून घेऊ लागलो. ती जनता घेत नसे, त्यामुळे घरात गठ्ठेच्या गठ्ठे पडून असत. बाबांनी मोटारीचा विमा उतरवला तेव्हा मी जेवणाच्या पाटावरून उठून निषेध केला होता.

"विमा म्हणजे भीतीचा व्यापार आहे!" मी म्हणालो.

"आणि ताटातली भाकरी?" आई म्हणाली. "ती कशाचा व्यापार? बस खाली."

मी बसलो. तत्त्वाला वेळकाळ असतो.

आता काचेकडे येतो. लढाईत उजेड बाहेर दिसू नये म्हणून लष्कराने त्या मोटारीच्या बाजूच्या काचांना काळा रंग फासला होता. तो खरवडून काढायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस मी खरवडत होतो. शेवटी माझीच पत्रकं ओली करकरून काचा अशा घासल्या, की लखलखल्या! (माझ्या लेखनाने कशावर तरी प्रकाश पडल्याचा हा एकमेव पुरावा.) आईने मागच्या दोन्ही दारांना आतून गडद निळे पडदे लावले. झालं, काचांचे आरसेच झाले. आईने त्यात बघून केस सारखे केले आणि पहिल्यांदाच मला म्हणाली, "सॅम्युअल, हे मात्र छान केलंस हो."

रविवारी आम्ही त्याच मोटारीतून उपासनेला गेलो. आमचं ख्रिस्ती देऊळ गावाच्या कडेला, माळाला लागून आहे. बाबा मला म्हणाले, "लक्ष ठेव." तेवढंच. आईबाबा आत गेले. मी लिंबाखाली बसून मोटारीवर लक्ष ठेवू लागलो आणि मनात एक नवं पत्रक रचू लागलो.

तेवढ्यात माळावरून म्हाळूबुवा धनगराची मेंढरं आली. त्यांच्या पुढे त्याचा टकरीचा एडका, राजा. गोल वळलेली शिंगं, रुंद कपाळ, चाल पाटलासारखी. राजा मोटारीपाशी थांबला आणि त्याला मागच्या उजव्या दाराच्या काचेत दुसरा एडका दिसला. याने मान वाकडी केली, त्यानेही केली. याने पाय आपटला, त्यानेही आपटला!

राजा चार पावलं मागे सरकला.

इथे मी उठायला हवं होतं. नुसतं 'हाड्' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मी त्याच्याकडे बघतच राहिलो. काय तेज! काय आवेश! दडपलेल्यांनी असंच मागे सरून उसळायला हवं... हे वाक्य मी मनात पूर्ण करतोय, तोवर राजाही उसळला होता.

आतलं गाणं मध्येच थांबलं. पाळकांच्या आधी आई बाहेर आली.

"फुटली?" तिने विचारलं.

"फुटली," मी म्हणालो.

"तू कुठं होतास?"

"इथंच. बघत होतो."

म्हाळूबुवा धापा टाकत आला. "मास्तर, माज्या राजाचा काय गुन्हा न्हाई बगा! त्येला वाटलं समोर दुसरा गडी हाय. आन् त्यो काय हटंना! मंग ह्यानं काय करावं?"

बाबांनी काचेचे तुकडे एकेक करून वेचले. फळा पुसताना त्यांचा हात जसा सावकाश चालायचा, तसाच चालत होता. मला त्यांनी एकदा ओरडायला हवं होतं.

सोमवारी नगरला विमा कंपनीच्या कचेरीतून अर्ज आणला. तिथला कारकून बाबांना म्हणाला होता, "त्या लिलावातलीच तसली एक काच आमच्या गॅरेजवाल्याकडे आहे. हकीकत नीट लिहून द्या, शुक्रवारपर्यंत बसवून देतो." अर्जात एक चौकोन होता: अपघात कसा झाला ते लिहा. बाबांनी पेन उघडलं.

"बाबा, लिहायचं काम माझं," मी म्हणालो. "चूक माझी आहे, ती मलाच भरून काढू द्या."

"सामू, चार शब्द लिही," आई चुलीपासून म्हणाली. "एडका आला, काच फुटली. संपलं."

चार शब्द! ज्या हाताने मी आठ-आठ पानी पत्रकं लिहिली, त्या हाताने चार शब्द! मी चौकोन भरला, मग मागची बाजू भरली, मग पुरवणी जोडली. त्यातला थोडा भाग मला अजून पाठ आहे:

'भर दुपारी सुमारे दीडशे जणांचा उपेक्षित समुदाय माळावरून आला. मिजाशीत उभ्या असलेल्या त्या वाहनात समुदायाच्या अग्रणीला आपलंच दडपलेलं रूप दिसलं. त्या बंडखोराने मस्तक पुढे करून आघात केला. हा आघात एकट्याचा नव्हता, युगायुगांच्या संतापाचा होता!!! समुदायाचे नेतृत्व: श्री. म्हाळू. स्थळ: देवळासमोर, उपासना चालू असताना.'

यात एक अक्षर खोटं दाखवा. दीडशे मेंढरं होतीच. एडका अग्रणी होताच. राहिलं होतं ते फक्त 'एडका' हे एक नाव. ते मला जरा गद्य वाटलं.

गुरुवारी सकाळी आमच्या दारात दोन माणसं एकदम आली. एक विमा कंपनीचे पाहणी करणारे गृहस्थ, बारीक, चष्मेवाले, कातडी पिशवी छातीशी धरलेले. दुसरे राहुरीचे फौजदार. त्यांच्या मागे म्हाळूबुवा, डोक्याचं मुंडासं हातात घेऊन.

चष्मेवाले म्हणाले, "मास्तर, दंगल, बंड, लोकक्षोभ यात झालेलं नुकसान आमच्या विम्यात बसत नाही. आणि प्रार्थनास्थळासमोर दीडशेंचा जमाव म्हटल्यावर आम्हाला पोलिसांना कळवावंच लागलं."

आईने माझ्याकडे बघितलं. "सामू, तू चार शब्द लिहिलेस ना रे?"

फौजदार म्हाळूबुवाकडे वळले. "काय रे, दीडशेंचा म्होरक्या तूच ना?"

"व्हय सायेब," म्हाळूबुवा म्हणाला. "पर त्यातली साठ तर कोकरंच हायेत!"

"पोरंही आणली होतीस? लाज नाही वाटत?"

"आता आयांना सोडून कशी ऱ्हातील, सायेब? दूध पितात अजून!"

फौजदारांनी वहीत काहीतरी भराभर लिहून घेतलं. "आणि तो डोकं आपटणारा? तो राजा नावाचा? कुठं दडवलाय?"

"दडवलाय कुटं? वाड्यात बांदलाय."

"बांधून ठेवलाय! म्हणजे डांबून!" फौजदार चष्मेवाल्यांकडे बघून म्हणाले, "प्रकरण मोठं आहे."

आता कुणीतरी 'अहो, तो एडका' एवढं म्हणायला हवं होतं. आई तोंड उघडणार, तोच मी पुढे झालो. मला चेव चढला होता. आयुष्यात पहिल्यांदाच माझं लेखन सरकारने मन लावून वाचलं होतं!

"मी एक अक्षर मागे घेणार नाही!" मी म्हणालो. "बंडखोराला बंडखोर म्हणणं हे खोटं कसं?"

बेड्यांवर हात गेला तो या वेळी. फौजदार म्हणाले, "ठीक. मग चौकशी होईपर्यंत मोटार मुद्देमाल. चौकीवर जमा करा. किल्ली आणा."

"किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"महिना. दोन महिने. सांगता येत नाही."

शनिवार परवावर आला होता. बाबांनी खिशातून किल्ली काढली. ती फौजदारांच्या हातात देण्याआधी बाबांनी, फळा पुसावा तशी, सावकाश सदऱ्याला पुसली. मला ते बघवेना.

"एडका!" मी ओरडलो. "एडका होता तो! मेंढा! शिंगं असलेला! दीडशे मेंढरं होती! माणूस एकही नव्हता, माझ्याशिवाय!"

"तू तरी कुठं माणसात होतास," आई म्हणाली.

फौजदारांनी वही मिटली. पण चष्मेवाले काही पिशवी मिटेनात. "आधी दंगल, आता मेंढा. उद्या म्हणाल वीज पडली. मी कचेरीत काय सांगू? मेंढ्याने काच फुटते हे मला पटायला हवं."

मग राजाला आणण्यात आलं. उजव्या दाराला काचच नव्हती, म्हणून त्याला डाव्या बाजूला, शाबूत काचेसमोर उभं केलं. तिथेही निळा पडदा, तोच आरसा. चष्मेवाले म्हणाले, "त्याला नुसतं समोर बघू द्या. मागे सरला, पवित्रा घेतला, की मला कळेल. मग लगेच आवरा." म्हाळूबुवाने दोरी धरली.

राजाने काचेत बघितलं. जांभई दिली. खाली वाकून बाबांच्या पायाशी पडलेला पाला खाल्ला.

"हा तर गरीब आहे," फौजदार म्हणाले आणि पुन्हा वही उघडली.

"आत्ता पोट भरलंय त्येचं," म्हाळूबुवा अजिजीने म्हणाला. "जत्रंत हलगी वाजली की मंग बगा त्येचं रूप!"

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं, आणि मी ऐकायला नको होतं. पेट्रोलचा रिकामा डबा पायाशीच होता. बाबांच्या हातातून गेलेली किल्ली माझ्या डोळ्यांसमोर होती. मी डबा काखेत घेतला आणि दोन काड्यांनी हलगीचा ठेका धरला. ताडताड, ताडताड, ताड!

राजाचे कान उभे राहिले. तो काचेकडे वळला. समोरचा एडकाही वळला. राजा चार पावलं मागे सरला.

"पटलं!" चष्मेवाले ओरडले. "पटलं, पटलं! आवरा!"

म्हाळूबुवाच्या हातून दोरी सुटली. मी डबा थांबवायला हवा होता. पण ठेका लागला की हात ऐकतात थोडेच?

काच फुटली. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "सत्याचा विजय असो!"

फौजदारांनी किल्ली बाबांना परत दिली. म्हाळूबुवाने राजाला छातीशी धरलं. चष्मेवाल्यांनी कागद काढून तिथेच लिहिलं आणि वाचून दाखवलं. उजवी काच: जनावराने अपघाताने फोडली, भरपाई मंजूर. डावी काच: मालकाच्या मुलाने डबा वाजवून, दोन साक्षीदारांसमक्ष, जाणूनबुजून फोडवली, नामंजूर.

"आणि उजवी तरी उद्या बसेल ना?" आईने विचारलं.

"आता कशी बसेल, बाई? चौकशीचे कागद मुंबईला गेले. महिना तरी लागेल."

उरला एक दिवस आणि फुटलेल्या दोन काचा. आईने लिलावातल्या तंबूचं कापड काढलं आणि शुक्रवारभर मागच्या दोन्ही दारांना बेतून शिवत बसली. मी सुईत दोरा ओवून देत होतो. तेवढ्या कामापुरता माझ्यावर विश्वास उरला होता.

शनिवारी नगरला साहेबांनी मोटारीला एक फेरी मारली. मागच्या दाराशी थांबले. कापड ओढून पाहिलं. खिशात मी तीन पानी निवेदन नेलं होतं. त्यावर हात गेला. बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. हात परत आला.

"इथं काचा नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"काचा फुटल्या," बाबा म्हणाले. "कापड लावलं."

साहेबांनी पलीकडे जाऊन दुसरी बाजू पाहिली. "दोन्हीकडे सारखंच आहे. शिवण पक्की आहे. उन्हाळ्यात उतारूंना वारा लागेल." आणि त्यांनी लिहिलं: मागील दोन्ही बाजू कापडी, पास!

येताना निम्म्या वाटेत बाबा एकच वाक्य बोलले. "बघ, चार शब्दांत झालं."

साहेबांना दिलेलं उत्तर मी मोजून बघितलं. गणिताचा मास्तर. बरोबर चार होते.

महिन्याने मुंबईचे कागद आले आणि मंजूर झालेली काचही आली. चांगली, जाड, पेटीत भुशात गुंडाळलेली. पण आता ती बसवायची कुठे? परवान्यावर 'दोन्ही बाजू कापडी' असं लिहिलेलं. एकीकडे काच आणि एकीकडे कापड केलं, तर मोटार परवान्याशी जुळेना. तेव्हापासून ती काच आमच्या कणगीमागे उभी आहे, आणि आई उंदरांची भीती घालून मला तिच्यापाशी फिरकू देत नाही.

म्हणून वाचकहो, एक विनंती. तुमच्यापैकी कुणाकडे तसली लष्करी मोटार असेल आणि तिच्या मागच्या उजव्या दाराची काच फुटली असेल, तर राहुरीला या आणि ही घेऊन जा. पैसे नकोत. बाबांच्या समाधानासाठी एक छोटा अर्ज मात्र लिहून आणा, आणि तो सरळ त्यांच्याच हातात द्या. वाटेत मी भेटलो, तर कृपा करून मला दाखवू नका. मी तो सुधारून देईन!