रशीदचाचांचं रजिस्टर

आमच्या गावच्या कब्रस्तानाचं रजिस्टर रशीदचाचांनी बुडवलं नाही. मी बुडवलं.

आज सकाळी चाचा गेले. जनाज्यात माझ्या मागं कोणीतरी बोललंच, "माणूस लय भला, पण रजिस्टर घालवलं बाप्पा."

मी मान खाली घालून चालत राहिलो. सहा वर्षं हेच करतोय.

चाचा म्हणजे रिसोडजवळच्या आमच्या गावचे टेलर. आमचा वांग्या-मिरच्यांचा मळा त्यांच्या घरामागं. माझे शाळेचे सगळे शर्ट त्यांनीच शिवले.

कोणाची कबर कुठं, ही नोंदही तेच ठेवायचे. जाडजूड उर्दू रजिस्टर, वाळवीनं कोपरे खाल्लेलं.

मी नुकताच इंजिनिअर झालेलो, अंगात भलतीच हवा. म्हटलं, चाचा, सगळं कॉम्प्युटरवर टाकू.

डेटाबेस कोणता घ्यायचा, याचा मी दहा मिनिटंही विचार केला नाही. एका दुकानाच्या बिलिंगसाठी वापरलेला जुनाच उचलला. त्याला फक्त इंग्रजी अक्षरं कळायची. मराठी मी फॉन्टच्या जुगाडावर चालवली. स्वतःचं नाव टाकून पाहिलं, झकास दिसलं.

उर्दूला तो जुगाड नव्हता. चालेल असा डेटाबेस होता, फुकटात होता. फक्त दोन दिवस बसून शिकावा लागला असता.

चाचांनी एकच विचारलं होतं.

"गजू, उर्दू राहीन ना यात?"

"चाचा, कॉम्प्युटरले सगळं येते."

उर्दूत एक नाव भरून बघायला एक मिनिट लागलं असतं. नाही बघितलं.

त्यांची सून शबानाभाभी शाळेत शिकवते. तिनं तीन महिने बसून सगळी नावं उर्दूत भरली. टाइप करताना ती नीट दिसायची. सेव्ह केल्यावर यादीत मी फक्त नंबर आणि तारीख ठेवली होती, त्यामुळं आत काय झालं ते कोणाला दिसलंच नाही.

आणि मग मीच म्हणालो, आता रजिस्टरची गरज नाही.

पहिल्या पानावर बिस्मिल्ला असलेलं रजिस्टर. असे कागद रद्दीत घालत नाहीत, ठंडे करतात. चाचांनी ते पांढऱ्या कापडात बांधलं आणि जुन्या विहिरीत सोडलं.

मी त्याचा फोटो काढून इथंच पोस्ट टाकली होती. तुमच्यातल्या कित्येकांनी अभिनंदन केलं होतं.

शब-ए-बारातच्या रात्री लोक आपल्या माणसांच्या कबरींवर जातात. त्याच्या आधी अकोल्याहून एक बाई बापाची कबर शोधत आली. चाचांनी कब्रस्तानाच्या कमिटीसमोर कॉम्प्युटरवर एकेक नोंद उघडली. तारखा बरोबर. नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. पहिल्यापासून शेवटच्या नावापर्यंत.

मला फोन आला. ऐकताक्षणी कळलं काय झालंय ते.

आणि मी काय बोललो?

"चाचा, तुमच्या हातानं काही चुकीचं दबलं काय?"

हे एक वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

फोन ठेवल्यावर चाचांनी कमिटीला सांगून टाकलं, "माह्याच हातानं उडालं."

पुढच्या रविवारी गावी जाऊन त्यांच्या दुकानात रडलो. सगळं खरं सांगितलं. म्हटलं, चला, कमिटीपुढं बोलतो.

ते मशीनवरून उठलेही नाहीत.

"चूप राय. माळ्याच्या पोरानं कब्रस्तानाचं रजिस्टर बुडवलं, असं गावात झालं तं ते आपल्या दोघाच्या हातात नाही राहात. माह्यावर राहू दे. मले शिव्या देऊन लोक आपापल्या घरी जातीन."

मी चूप राहिलो. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची आज सगळ्यात जास्त लाज वाटतेय.

चाचा मात्र रोज दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजनंतर, वही घेऊन कब्रस्तानात जायचे. म्हाताऱ्यांना विचारायचे, घरोघरी फिरायचे. जेवढं सापडलं तेवढं पुन्हा लिहून काढलं. उर्दूत, आणि शेजारी मराठीत.

अकोल्याच्या बाईचा बाप काही सापडला नाही.

आज माती देऊन त्यांच्या घरी गेलो. भाभीनं ती वही पुढं केली. शेवटच्या ओळीत चाचांचं नाव तिनं उर्दूत लिहिलं होतं. शेजारची जागा कोरी होती.

"तुमी लिवा," ती म्हणाली. "अब्बा म्हणत, मराठीचं गजू पाहीन."

लिहिलं. अक्षर वाईट आलं.

चाचांनी तिला घरात सगळं सांगितलेलं होतं. मग तिला विचारलं, खरं काय ते सगळ्यांना सांगू का? तिनं नुसती मान हलवली, हो म्हणून.

म्हणून हे लिहिलं. गावातल्या कोणाला शिव्या द्यायच्या असतील तर माझं घर माहीत आहे. उद्या सकाळी कमिटीपुढंही जातोय.

चाचा, तुम्ही चूप राहायला सांगितलं होतं. आज पहिल्यांदा तुमचं ऐकलं नाही.

माफ करा. खुदा हाफिज.