तोंडाने न बोललेलं माप

परदेशीपुऱ्यात प्रेमलताबाईंकडे बायका लांबलांबून ब्लाउज शिवायला येतात, ते काही शिलाई फार भारी म्हणून नाही. बाई माप तोंडाने बोलत नाहीत. पडद्याआड टेप लावतात, आकडा मनात धरतात आणि स्वतःच वहीत लिहितात. कुणाची कंबर किती सुटली, हे तीस वर्षांत या कानाचं त्या कानाला कळलेलं नाही.

मागच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत अंकुर राहायचा, आर्टवाला. एक दिवस कार्ड घेऊन आला. "काकू, पोलोग्राउंडच्या शेडमध्ये माझं व्हिडिओचं प्रदर्शन आहे. तुम्हाला यायचंच आहे." बाई भोळ्या. इस्त्रीची साडी नेसल्या, जुनं गिऱ्हाईक बेबी, तिलाही सोबत घेतलं.

शेडमध्ये काळी भिंत, भिंतीला डोळ्याएवढी भोकं. लोक वाकून बघत होते, म्हणून याही वाकल्या. आत मोठ्या पडद्यावर त्यांचीच मागची खिडकी, उन्हाळ्यात हवेसाठी उघडी टाकलेली. खिडकीत हात वर करून उभी बेबी, आणि टेप लावणाऱ्या त्या स्वतः. शेजारच्या भोकातून बेबीने तेच पाहिलं आणि अंगावरचा पदर ओढून घेतला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बंद कर हे."

"काकू, चेहरे ब्लर केलेत ना. बघणाऱ्यालाच आपल्या बघण्याची लाज वाटावी, हाच तर आर्ट आहे."

"लाज त्यांना वाटणार, आणि पदर बेबीने ओढायचा? वा रे भिया."

"आता उद्घाटन झालं काकू. बंद नाही होणार."

बाईंनी पिशवीतून टेप काढला आणि त्याला भिंतीशी उभं केलं. काकू मजाक करतायत असं वाटून तोही हसत उभा राहिला.

"छाती चौतीस," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. लोक भोकं सोडून वळले. "पोट एकोणचाळीस. आत ओढू नको, श्वास सोड. हं, चाळीस."

"काकू, जरा हळू..."

"तीस वर्षं हळूच होते रे. भोकं तू पाडलीस."

कुणीतरी हसलं. दोघा-तिघांनी मोबाइल वर धरले. अंकुरने दोन्ही हातांनी पोट झाकलं.

"बेबीनेही असंच केलं," बाई म्हणाल्या. मग मोबाइलवाल्यांकडे वळल्या. "खाली ठेवा ते. त्याला विचारलंत का?"

मोबाइल खाली गेले. अंकुर भिंतीमागे गेला आणि त्याने स्वतःच प्लग काढला.