बायकांसाठी तीस किलो

ह्यांच्या कारखान्याच्या गोदामात एक पाटी होती. हाताने उचलायचं ओझं: पुरुषांसाठी पन्नास किलो, बायकांसाठी तीस. हे तिथे स्टोअरला होते आणि त्या पाटीवर ह्यांचा फार जीव. एकदा पावडरच्या गोण्या जरा फुगलेल्या दिसल्या, तर ह्यांनी वजनकाटा मागवला आणि वजन होईपर्यंत एकाही माणसाला गोणीला हात लावू दिला नाही. साहेब चिडले. हे म्हणाले, "चिडा की, पण काट्यापाशी येऊन चिडा." हा किस्सा मी इतक्यांदा ऐकलाय की कधीही न पाहिलेल्या त्या साहेबांचा चेहरा मला पाठ आहे.

मी सदाशिव पेठेतल्या एका लहानशा हॉस्पिटलात आया होते. आमच्याकडे भिंतीवर गणपतीचा फोटो होता, पाटी नव्हती. ऑपरेशन झालेला चांगला आडदांड माणूस स्ट्रेचरवरून पलंगावर घ्यायचा, तर "मावशी, जरा धरा" एवढाच नियम. पेशंटला ओझं कसं म्हणायचं? म्हणून त्याचं वजन कोणी विचारत नव्हतं. नोकरी संपली तोवर माझी कंबर कामातून गेली होती. पट्टा बांधल्याशिवाय कणीक मळता येत नव्हती.

त्यात ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत ह्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मुलगी बंगलोरला. एक बाई ठेवली होती, ती आठवड्यात पळाली, आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ह्यांच्या काखेत हात घालून उचललं की माझ्या तोंडून "आई गं" निघायचंच. हे डोळे मिटून घ्यायचे.

काही महिन्यांनी उचलणं सोपं जायला लागलं. मला वाटलं, जुना हात परत बसला. फोनवर मुलीला ऐटीत सांगितलं, "अगं, आता मी बाबांना अलगद उचलते." हे पलंगावरून ऐकत होते, हसलेही. ताटात रोज अर्धी पोळी उरायची. विचारलं की म्हणायचे, "भूक नाही गं." आजारी माणूस, चालायचंच, असं म्हणून ती अर्धी पोळी मी खाऊन टाकायची.

एका सकाळी अंग पुसताना ह्यांच्या पाठीचे मणके माझ्या हाताला लागले. पोट आत गेलेलं. इतकी वर्षं माणसांची अंगं पुसली, उपाशी अंग मला कळतं. टॉवेल तसाच टाकून मी समोर बसले. "अहो, खरं सांगा. का जेवत नाही?"

वाकड्या झालेल्या तोंडाने हे कसंबसं म्हणाले, "बायकांना तीसच किलो. तेवढा काही मी होणार नाही. पण जमेल तितका..."

मी ओरडले. जन्मात बोलले नव्हते तेवढं बोलले. तुम्ही काय गोणी आहात का, म्हणाले, आणि मलाच रडू फुटलं. मग वरणभात कालवून पुढ्यात बसले. ह्यांनी गुपचूप तोंड उघडलं. दोन घास खाल्ले. तिसरा गालातच राहिला.

तेव्हापासून शिरा झाला, साजूक तूप झालं, ह्यांच्या आवडीची पुरणपोळीसुद्धा दुधात कुस्करून झाली. डॉक्टर म्हणतात, भूक मेलीये, हळूहळू येईल. हे माझ्याकडे बघत मनापासून खायचा प्रयत्न करतात, पण जातच नाही. माझी कंबर आता बरी असते. मुलगी फोनवर विचारते, "आई, जमतंय ना गं?" मी हो म्हणते. रोज सकाळी काखेत हात घालते, तर हे हाताला लागतच नाहीत, आणि मी मनात म्हणते, देवा, दुखू दे माझी कंबर.