शैलाकाकूंची खंडेनवमी

शैलाकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या दोन बादल्यांत दोन पाय घालून मटार सोलत उभ्या होत्या. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. समोरच्या घराच्या ड्राइव्हवेवर पंजाबी ड्रेस घातलेली, पांढऱ्याशुभ्र केसांची, चेहऱ्यावरून मराठीच वाटणारी बाई. पायात घोट्याच्या वर येणारे जाडजूड बूट, आणि बूट पाण्यात. मी पुण्याची असल्यामुळे आधी खिडकीतून मत बनवलं आणि मगच जवळ गेले. पाय शेकताय का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "नाही गं, बूट टेस्ट करून राहिले. मटार संपेस्तोवर मोजा कोरडा राहिला तर ठेवीन, नाही तर चालला परत दुकानात." मटार संपले आणि मोजा ओला निघाला. बूट परत गेले. संध्याकाळी उसळीचा डबा माझ्याकडे आला.

काकू मूळच्या नागपूरच्या. लग्नानंतर इथे आल्या आणि कापड, दोर, पट्टे यांची ताकद तपासणाऱ्या एका लॅबमध्ये त्यांनी आयुष्यभर नोकरी केली. वस्तू यंत्रात अडकवायची आणि फाटेपर्यंत ओढायची, हे त्यांचं काम. "लोक पोटासाठी वस्तू बनवतात, मी पोटासाठी फाडल्या," असं त्या सांगत. त्यामुळे नव्या कोऱ्या वस्तूवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. "दुकानात सगळंच नवरदेवासारखं दिसतं. संसार केल्याशिवाय कळत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यांचे यजमान अरविंदकाका हयात असताना त्यांच्यासमोरही त्या ते खुशाल म्हणत, आणि काका म्हणे हसून मान डोलवत.

शिकारीचा नाद दोघांना उतारवयात लागला, आणि तो मेथीमुळे लागला. परसात पेरलेली मेथी हरणांनी सलग तीन उन्हाळे फस्त केली. शेजारच्या डेल नावाच्या निवृत्त प्लंबरकडे काकू तक्रार घेऊन गेल्या, तर तो म्हणाला, मग तुम्ही त्यांना खा. दुसरी एखादी बाई हसून घरी आली असती. काकूंनी रीतसर शिक्षण घेतलं, परवाना काढला आणि काकांनाही ओढलं. पण मेथी हे निमित्तच ठरलं. रस्त्यालगत गाडी उभी करून झाडाखाली बसणं त्यांना कधीच पटलं नाही. त्यांना हवं होतं ते डोंगरापलीकडचं रान, जिथे रस्ता नाही, फोन लागत नाही आणि मारलेलं हरीण स्वतःच्या पाठीवरून आणावं लागतं. "पाठीवर येत नाही ते आपलं नाही," असं त्या म्हणत. काका गेल्यावर त्या एकट्या जाऊ लागल्या. मी शुद्ध शाकाहारी, तरी त्यांच्या रानाच्या गोष्टी ऐकायला रोज संध्याकाळी चहाला जाऊन बसत असे.

दर डिसेंबरात हंगाम संपला की त्यांच्या गॅरेजमध्ये निकाल लागे. जुनी चादर अंथरून तिच्यावर सगळं सामान मांडायचं, एकेक वस्तू उचलायची, आणि पास की नापास ते मोठ्याने सांगायचं. मध्यम असा शेरा नव्हताच. भल्याभल्या महागड्या जॅकेटांना तिथून कचऱ्याच्या डब्यात जाताना मी पाहिलं आहे. दरवर्षी पहिली येणारी वस्तू मात्र ठरलेली होती, ती म्हणजे परकराची नाडी. नागपूरहून आणलेल्या सुती नाड्यांची गुंडाळी त्यांच्या पाठपिशवीत कायम असे. तंबूचा दोर तुटला तर नाडी, पट्टा निसटला तर नाडी. "लॅबमध्ये ओढून पाहिली आहे मी. यंत्र दमलं," असं त्या अभिमानाने सांगत.

मग एका वसंतात काकूंचा उजवा गुडघा बदलावा लागला.

त्यांचा मुलगा निखिल दूर नेपरव्हिलला राहतो. इथेच जन्मलेला, आईवर जीव असलेला आणि आईच्या रानावर तितकाच राग असलेला. ऑपरेशनच्या वेळी तो महिनाभर येऊन राहिला आणि जाताना त्याने विषय काढला. "आई, इनफ. घर सेल कर. नेपरव्हिलला तुझी रूम रेडी आहे, स्टेअर्स पण नाहीत. या नीवर तू एकटी वूड्समध्ये जाणार, आणि मी तिकडे रात्रभर जागा राहणार?" त्याचं चुकत होतं असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी पाय स्टुलावर ठेवला आणि त्या गुडघ्याकडे, ताज्या व्रणाकडे, अशा बघू लागल्या की जणू कुरियरने आलेलं पार्सल आहे.

"ही नवीन वस्तू आहे," त्या म्हणाल्या. "मला एक सीझन दे. रानातून एक हरीण मी एकटीने माझ्या पाठीवर आणलं, तर हा पास, आणि घराचा विषय बंद. नाही आणता आलं, तर नापास. मी स्वतः घर विकीन आणि तुझ्याकडे येईन. तोंड वाकडं न करता येईन."

निखिल कबूल झाला. आपण जिंकणार याची त्याला खात्री असावी. पंच म्हणून काकूंनी मला नेमलं. "तू व्हेजिटेरियन आहेस. तुला हरणाचा मोह नाही आणि माझ्या पोराचा पण नाही," असं कारण त्यांनी त्याच्या देखतच दिलं. मी लाजले आणि पंच झाले.

तो सगळा उन्हाळा काकू गुडघ्याला वळण लावत होत्या. आधी गल्ली, मग टेकडी, मग पाठपिशवीत तांदळाची पोती भरून टेकडी. ऑक्टोबरात खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी शस्त्रांची, अवजारांची पूजा करतात, तशी काकूंच्या गॅरेजमध्ये शिकारीच्या सामानाची होई. बंदूक, बूट, तंबू, स्टोव्ह, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. यंदा निखिल मुद्दाम आला होता. आईशी पैज असली तरी तिचा सण चुकवायचा नाही, असा तो मुलगा आहे. लहानपणी घरात शिवणयंत्राची आणि गाडीची पूजा होई, तेव्हा उदबत्ती लावणं हे त्याचं काम असे. ते आठवून तो पहाटेच उठला, आई उठायच्या आत सगळं सामान त्याने छान मांडलं आणि चंदनाच्या उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला. बाहेर पाऊस होता म्हणून गॅरेजचं दार घट्ट लावून घेतलं.

आई-बाबा शिकार करू लागले तेव्हा तो कॉलेजला गेलेला होता, त्यामुळे त्याला एक गोष्ट ठाऊकच नव्हती. हरणाचं सगळं आयुष्य नाकावर चालतं. शिकारी बिनवासाच्या साबणाने कपडे धुतात, आणि काकूंच्या पूजेत शिकारीचं सामान आल्यापासून उदबत्ती कायमची बंद झाली होती. मी सकाळी पूजेला पोहोचले तेव्हा काकू दारात उभ्या होत्या आणि आत धुराचा नुसता लोट होता. निखिल झेंडूची फुलं नीट करत अपेक्षेने आईकडे बघत होता. काकूंनी दीर्घ श्वास घेतला. "किती सुंदर मांडलंस रे," एवढंच त्या म्हणाल्या आणि हात जोडून पूजेला बसल्या.

तो परत गेल्यावर धुणं सुरू झालं. कपड्यांचा वास गेला, तंबूचा जवळपास गेला, पण पाठपिशवीच्या पट्ट्यांत जो स्पंज असतो त्यात चंदन मुरलं ते मुरलंच. व्हिनेगर झालं, सोडा झाला, उन्हात टांगून झालं. डेलने पट्टा नाकाशी नेला आणि म्हणाला, "स्मेल्स लाइक चर्च, शैला. अँड डिअर डोन्ट गो टू चर्च." निखिलने हे मुद्दाम केलं असेल का, अशी पुणेरी शंका मी काढून पाहिली. काकू माझ्यावर उखडल्या. "माझ्या पोराला उदबत्तीचं वळण मीच लावलं आहे. वळण पास झालं, एवढंच समज."

हंगाम मात्र वाईट गेला. काकू जात आणि रिकाम्या हाताने येत. हरणं लांबूनच फुत्कारून पळत. पावसाळी जॅकेट खांद्याच्या शिवणीत गळू लागलं, तंबूची चेन दात विचकून बसली, स्टोव्ह थंडीत पेटेना. काकू प्रत्येक वेळी घरी येऊन सामानाची गाऱ्हाणी सांगत. गुडघ्याबद्दल विचारलं की म्हणत, "तो बोलत नाही अजून. चांगली वस्तू बोलत नाही." पण दिवस संपत चालले होते, आणि जेवता जेवता त्या अधूनमधून घराच्या भिंतींकडे पाहत राहत. एकदा तर, नेपरव्हिलला मेथी येईल का गं, असंही त्यांनी विचारलं.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी निखिल पुन्हा आला. काकू पहाटे रानात शिरल्या आणि दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत परत येते असं सांगून गेल्या. जंगलातल्या कच्च्या रस्त्याला गाडी लावून निखिल आणि मी थांबलो. बर्फ भुरभुरत होता. जेवणाची वेळ गेली, चहाची वेळ आली. निखिलने पोळीभाजी उघडलीसुद्धा नव्हती. शेवटी तो उठला. "आय डोन्ट केअर अबाउट द बेट. मी जातोय." पंच म्हणून मीही त्याच्यामागे निघाले.

चढ संपला तिथे वाट दोन्हीकडे फुटत होती. मध्ये माणूसभर उंचीची गच्च झुडपं, वर उतरलेलं धुकं, आणि नव्या बर्फाने पावलांच्या खुणा बुजलेल्या. निखिल हाका मारत होता आणि आवाज त्या पांढऱ्यात विरून जात होता. उजवीकडे जावं की डावीकडे, कळेना. चुकीच्या वाटेने गेलो असतो तर अंधार पडला असता. मला खरोखर भीती वाटली. तेवढ्यात डावीकडून वाऱ्याची एक झुळूक आली आणि निखिल जागीच थांबला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"उदबत्ती," तो म्हणाला.

आम्ही डावीकडे धावलो. धुक्यातून आधी काकूंचं नारिंगी जॅकेट दिसलं, मग दोन काठ्या, मग पाठीवरचं ओझं. काकू पावलापावलाने येत होत्या. डाव्या बुटाचा तळ ओढ्यात उखडला होता आणि तो परकराच्या नाडीने घोट्याला करकचून बांधला होता. जॅकेट ओलंचिंब होतं, चेहरा लाल झाला होता आणि पाठीवरच्या पिशव्यांत अख्ख्या हरणाचं मांस होतं. निखिल ओझं घ्यायला पुढे झाला.

"हात लावू नको," काकू म्हणाल्या. "पंच बघून राहिली."

मग त्या आमच्यामधून पुढे गेल्या. निखिल त्यांच्या मागे दोन्ही हात किंचित पुढे करून चालत होता, मूल चालायला शिकताना आई चालते तसा. उतारावर काकू एकदा थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवला, आणि निखिलचे हात आणखी पुढे झाले. त्यांनी फक्त काठीची पकड बदलली. गाडीपाशी येऊन त्यांनी स्वतःच ओझं उतरवलं, गाडीच्या मागच्या दारात बसल्या आणि त्यानंतरचं पहिलं वाक्य बोलल्या ते जेवणाबद्दल. निखिल रडत होता आणि हसतही होता. पोळीभाजी मी वाढली.

वासाचं काय केलंत, हे मी नंतर विचारलं. "सगळा सीझन मी वास धुवायच्या मागे होते. शेवटी अक्कल आली. वास पाठीवर आहे ना, मग वारा तोंडावर घेऊन बसायचं. चंदन मागे जातं, हरीण पुढून येतं. आहे ते घेऊन कुठे बसायचं, एवढंच आपल्या हातात असतं." रानाबद्दल बोललेली ही गोष्ट मी पुढे नोकरीत, घरात, भांडणांत कितीदा वापरली आहे.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये चादर अंथरली गेली. बूट नापास, जॅकेट नापास, तंबू नापास, स्टोव्ह तर न बोलताच डब्यात गेला. नाडी पहिली. पाठपिशवी हातात घेऊन काकू क्षणभर थांबल्या, पट्टा हुंगला आणि म्हणाल्या, "हिचा हा वास दहा वर्षं तरी जायचा नाही. पास." मग त्यांनी स्टूल ओढलं, पाय वर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात एवढ्या मोठ्याने एकच शब्द कधी उच्चारला नव्हता. निखिलने मान खाली घातली आणि घराचा विषय त्या दिवशी मिटला.

पुढच्या वर्षी माझी नोकरी बदलली आणि मी वेस्ट विंडसरला आले. निघताना काकूंनी मला नाडीची एक गुंडाळी दिली. इथे तिने माझी सुटकेस, पडद्याचा दांडा आणि एकदा गाडीचा बंपर सांभाळला आहे. ऑक्टोबरात खंडेनवमीला फोनवर काकूंकडून निखिलने काढलेला एक फोटो आला. गॅरेजमध्ये चादरीवर नवे बूट, नवं जॅकेट, तीच पाठपिशवी, आणि त्याच ओळीत स्टुलावर स्वतः काकू, उजवा पाय पुढे केलेल्या. गुडघ्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल होतं, आणि फूल ठेवणारा हात निखिलचा होता. खाली काकूंनी लिहिलं होतं, "यंदा उदबत्तीसाठी पोराने परवानगी मागितली. मी म्हटलं, लाव. वारा कुठून येतो ते मी बघते."