गाल फुगवलेली माणसं

साळवेकाकांनी काढलेल्या फोटोत सगळी माणसं गाल फुगवून उभी असतात. बारसं असो, लग्न असो की कम्युनिटी हॉलमधला एप्रिलमधला जयंतीचा कार्यक्रम असो, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत डोळे ताठ, ओठ घट्ट आणि गाल टम्म. बघणाऱ्याला वाटावं, या लोकांना जेवणावरून घासासकट उठवून आणलंय. त्याचं कारण एवढंच, की काका पस्तीस वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सच्या एका हॉस्पिटलात रेडिओग्राफर होते. रिटायर झाल्यावर एक्स-रेचं मशीन सुटलं, हातात कॅमेरा उरला, पण तोंडातली वाक्यं तीच राहिली. "श्वास घ्या. रोखा. हलू नका. हललात तर परत घ्यावा लागेल." आणि मग बऱ्याच वेळाने, "सोडा."

माझी त्यांची ओळख तिथलीच. मी नवीकोरी ज्युनियर डॉक्टर होते आणि एका पडलेल्या आजोबांना घेऊन एक्स-रेला आले होते. पडद्यावर खुब्याचं चित्र उमटलं आणि मला त्यात धुकं सोडून काही दिसेना. शेवटी लाज सोडून मी काकांना विचारलं, फ्रॅक्चर वाटतंय का. त्यांनी माझ्या बॅजवरचं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत म्हणाले, "डॉक्टर, मी फक्त काढतो. त्यात काय आहे ते सांगणं माझं काम नाही." मी ओशाळले. पण जाता जाता त्यांनी पडद्यावर बोट फिरवून कुठलीशी धूळ पुसली. धूळ नव्हतीच. बोट थांबलं तिथे एक बारीक रेघ होती, आणि त्या रेघेने त्या दिवशी माझी अब्रू वाचवली.

तेव्हापासून मी त्यांच्या घरची झाले. काकांनी मला मुलीसारखं वागवलं, पण "डॉक्टर, तुम्ही" काही सुटलं नाही. मंदाकाकू शाळेत डिनर लेडी होत्या. तीनशे पोरांना वाढून यायच्या आणि घरी आम्हाला पुन्हा आग्रह करायच्या.

काकांच्या कॅमेऱ्याच्या सवयी सांगाव्या तेवढ्या थोड्या. प्रत्येक गोष्टीचे दोन फोटो, एक समोरून आणि एक बाजूने. "एका व्ह्यूवर विश्वास ठेवू नये." त्यामुळे केक कापणाऱ्या पोराला सुरी तशीच धरून काटकोनात वळावं लागे. डाव्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या खिशाला ते एक्स-रेवर लावायचं शिशाचं छोटं 'एल' अक्षर चिकटवत, म्हणजे पुढे डावं-उजवं यात गोंधळ नको. माझा नवरा दीपक उंच असल्याने कायम टोकाला असतो. आमच्या अल्बमभर तो गाडी शिकत असल्यासारखा 'एल' लावून उभा आहे.

सगळ्यात घातक सवय म्हणजे कुठलाही फोटो काढण्याआधी ते बायकांच्या रांगेकडे बघून गंभीरपणे विचारायचे, "एनी चान्स यू कुड बी प्रेग्नंट?" एका लग्नात नवरीने हळूच हात वर केला. तिची सासू तिथल्या तिथे खुर्चीवर बसली. त्या लग्नाचा विषय आमच्याकडे अजून निघतो.

आणि "रोखा" म्हटलं की काका भिंतीआड जायचे. एक्स-रे काढताना पडद्यामागे जायचं, हे अंगात मुरलेलं. कॅमेरा स्टँडवर लावायचा, खिशात ब्लूटूथचा रिमोट टाकायचा आणि जी भिंत सापडेल तिच्यामागे जाऊन बटण दाबायचं. आमच्या गार्डनमध्ये ते एकदा शेडमागे गेले, तिथे कुंपणापलीकडच्या शेजारणीने टोमॅटोचा विषय काढला, आणि आम्ही नऊ माणसं श्वास रोखून उभी राहिलो.

मंदाकाकूंचं एकच दुखणं होतं. "चाळीस वर्षं झाली लग्नाला, माझा एक हसरा फोटो नाही गं. कसा आलाय विचारलं, तर हे म्हणतात, मी फक्त काढतो." नवीन साडी नेसून "कशी दिसते?" म्हटलं तरी तेच उत्तर. त्यांची मुलगी प्रज्ञा आईबाबांचा मोठा कॅनव्हास करून लाउंजमध्ये लावणार होती. तिने घरातले सगळे फोटो चाळले. सगळ्यात काकू फुग्यासारख्या, आणि काका कुठल्यातरी भिंतीआड.

शेवटी काकूंनी निर्वाणीचं सांगितलं. "अहो, ॲनिव्हर्सरीला मला फ्योर्ड दाखवा आणि तिथे एक धड फोटो काढा. नाहीतर मी टाउन सेंटरमधल्या स्टुडिओत जाऊन काढून घेते." स्टुडिओचं नाव निघाल्यावर काका पांढरे पडले. पस्तीस वर्षांत त्यांचा एकही एक्स-रे परत घ्यावा लागला नव्हता, आणि आता घरचाच पेशंट दुसरीकडे निघाला होता.

फ्योर्ड म्हणजे काकूंच्या मनात नॉर्वे होतं. काकांनी आम्हाला स्कॉटलंडला नेलं. "समुद्र डोंगरात शिरला की झाला फ्योर्ड. इथे त्याला लॉख म्हणतात, एवढंच. पासपोर्ट लागत नाही, सॅंडविच घरचं." काकू सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसल्या. पण बोट निघाली, दोन्ही बाजूंनी हिरवेगार डोंगर जवळ आले, खडकावर सील पाय पसरल्यासारखे लोळताना दिसले, तेव्हा त्यांचा राग पाण्यात पडला. काकांनी प्रत्येक डोंगराचे दोन व्ह्यू घेतले. दुसऱ्या व्ह्यूसाठी डोंगर वळेना, म्हणून बोट वळायची वाट बघत बसले.

लाउडस्पीकरवरून कॅप्टनने सांगितलं, पुढे मोठा धबधबा आहे, तिथे दोन मिनिटं थांबू. काकांनी रिमोटची बॅटरी दोनदा तपासली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर, हा चुकला तर ती खरंच स्टुडिओत जाईल." मी हसले, मग त्यांचा चेहरा बघून हसू आवरलं. माणूस खरोखर घाबरला होता.

मागच्या डेकच्या रेलिंगला त्यांनी कॅमेरा बांधला. समोर आम्ही चौघं. काकू मध्ये, प्रज्ञा, मी आणि टोकाला 'एल' लावलेला दीपक. आमच्या एका खांद्यामागे धबधबा, दुसऱ्या खांद्यामागे केबिनचं काचेचं दार.

"बाबा, पटकन कर ना, तो बोट निघेल," प्रज्ञा तिच्या लीड्सच्या मराठीत ओरडली.

"मंदा, या वेळी हसायचं," काका म्हणाले. "श्वास घ्या. रोखा." आणि सवयीने ते आमच्या मागे उघड्या दारातून केबिनमध्ये गेले, आणि ते दार त्यांच्या पाठीमागे आपोआप लागलं.

आम्ही रोखला. धबधबा कोसळत होता. दीपक लाल झाला, मग जांभळा. "सोडा" काही येईना. आता मी डॉक्टर आहे, श्वास केव्हा सोडायचा ते मला कळायला हवं, पण साळवेकाकांनी सांगितल्याशिवाय सोडायची आमची छाती नव्हती. मागून धप् धप् आवाज यायला लागला. काकूंनी मान वळवली.

काका आत अडकले होते. दार उघडेना म्हणून ते दोन्ही मुठींनी काच बडवत होते. नाक काचेला चपटं झालेलं, आवाज बाहेर येत नव्हता, आणि मधूनच दोन्ही हात छातीपासून पुढे ढकलून "सोडा, सोडा" अशा खुणा चाललेल्या. आपण अडकलोय याच्यापेक्षा आम्ही गुदमरतोय याची काळजी जास्त.

काकूंच्या तोंडून आधी फुस्स करून हवा गेली आणि मग हसू फुटलं. त्या पोट धरून आमच्याकडे वळल्या, डोळ्यांतून पाणी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांना बघून आम्ही सुटलो. तेवढ्यात बोटीवरच्या एका माणसाने येऊन एका बोटाने दार बाजूला सरकवलं. "इट स्लाइड्स, सर."

बोट निघाली होती. धबधबा मागे राहिला. काका कपाळाला हात लावून बाकावर बसले. "गेला. बटणच दाबलं नाही मी."

पण दाबलं होतं. रिमोट त्यांच्या मुठीत होता, आणि काचेवरच्या प्रत्येक धपक्याला एक फोटो निघाला होता. एकूण सतरा. अकराव्यात काकू खळखळून हसतायत, मागे धबधबा, आणि दुसऱ्या बाजूला काचेवर काकांचं चपटं नाक. चाळीस वर्षांत दोघांचा एकत्र असा तो पहिलाच फोटो.

घरी प्रिंट आली, तेव्हा मी तिथेच होते. काकूंनी ती काकांपुढे ठेवली. "सांगा, कशी आलेय? आणि मी फक्त काढतो म्हणायचं नाही."

काकांनी चष्मा पुसला. प्रिंट उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरली, जुन्या एक्स-रेच्या फिल्मसारखी. एकदा समोरून, एकदा बाजूने बघितली. मग हलकेच म्हणाले, "नॉर्मल."

काकूंना तो शब्द फारसा पटला नाही. पण मी हॉस्पिटलात काम केलेलं आहे. दिवसभर लोकांची मोडलेली हाडं बघणाऱ्या माणसाच्या तोंडी याहून मोठा शब्द नसतो. मी काकूंना तसं सांगितलं, तेव्हा त्या उठून चहा करायला गेल्या आणि बराच वेळ किचनमधून बाहेर आल्या नाहीत.

काका गेले, त्याला आता दीड वर्ष होईल. झोपेतच गेले. परवा प्रज्ञाच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता, त्याच कम्युनिटी हॉलमध्ये. प्रज्ञाने टेबलावर फोन उभा केला, टायमर लावला आणि धावत येऊन आमच्यात उभी राहिली. कुणी काही बोललं नव्हतं, तरी आम्ही पंचवीस माणसांनी श्वास रोखला होता. फोन चमकला, फोटो निघाला, तरी कुणी हलेना. बाळ आमच्या फुगलेल्या गालांकडे टकामका बघत होतं.

पहिल्या रांगेतून मंदाकाकूंचा आवाज आला. "सोडा."