मुलीच्या गॅपचं प्रतिज्ञापत्र

नागपूरच्या जिल्हा कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. तीस वर्षं लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप केली, म्हणून माझा कशावरच पटकन विश्वास बसत नाही. शपथेवर माणूस किती सफाईनं खोटं बोलतो, ते रोज बघतो मी.

मागच्या वर्षी मुलीचा इथल्या सरकारी लॉ कॉलेजात नंबर लागला. तिनं माहितीपुस्तक आणलं. आत कंपन्यांत नोकरी लागलेल्या पोरांचे फोटो. एक चेहरा बघून मी थबकलो. अरे, हा तर काळा कोट घालून रोज माझ्या शेजारच्या बाकड्यावर अशिलाची वाट बघत बसतो! झालं, माझं डोकं फिरलं. "सारी बनवाबनवी आहे," म्हटलं आणि तिला प्रवेश घेऊच दिला नाही. पोरगी वर्षभर घरी बसली. माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

यंदा तिनं पुन्हा परीक्षा देऊन पुन्हा नंबर मिळवला. तरी माझ्या मनातला किडा जाईना. शेवटी त्या पोराला गाठलं.

"काय गा, कंपनीत लागला होता म्हणे तू? मग इथं काहून बसून राहिला?"

"लागलो होतो ना काका. दोन वर्षं केली पुण्यात. पण मले कोर्टात उभं राहायचं होतं, म्हणून सोडली."

मी कंपनीचं पत्र दाखवायला लावलं. चष्मा लावून तारखा तपासल्या. खरं होतं सगळं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा पावलांवर बसणाऱ्या माणसाला मी वर्षभरापूर्वी एक प्रश्न विचारला नव्हता.

त्याच दुपारी मुलगी टेबलाशी आली. पाचपर्यंत कागद दिले नाहीत तर सीट जाणार होती. गॅपचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे वर्षभर शिक्षण का थांबलं ते शपथेवर लिहून द्यायचं राहिलं होतं. मी सवयीनं टाइप केलं, 'आजारपणामुळे'.

"मी कुठं बिमार होती बाबा?"

"सगळ्यांचं असंच लिहितो वं."

"वकील व्हायचं आहे मले. पहिलीच शपथ खोटी घेऊ काय?"

चार वाजून गेले होते. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'वडिलांनी खात्री न करताच संशयावरून प्रवेश घेऊ दिला नाही.' तिनं सही केली.

'हिला मी ओळखतो' म्हणून एका वकिलाचीही सही त्यावर लागते. बाकड्यावरच्या पोराला हाक मारली. त्यानं सगळं वाचलं.

"कशाची खात्री करायची होती काका?"

"तुझी," मी म्हटलं.